उपग्रह प्रतिमांतून बदल मोजताना : नवशिक्यांसाठी भूमाहितीशास्त्राची वाट

एखादे सरोवर आटले, जंगल विरळ झाले किंवा हिमनदी मागे सरली, तर जवळ राहणाऱ्यांना ते कळतेच. मात्र ते नेमके किती आटले, कोणत्या वर्षापासून आटू लागले आणि आटण्याचा वेग वाढतो आहे की मंदावतो आहे, हे सांगायला मोजमाप लागते. भूमाहितीशास्त्र ते मोजमाप पुरवते. उपग्रह प्रतिमा, जागेवर घेतलेल्या नोंदी आणि हवामानाची आकडेवारी यांना पृथ्वीवरील नेमक्या स्थानाशी बांधून एकत्र वाचणे ही त्याची मूळ कल्पना आहे.

साधने शिकणे हा यातला अवघड भाग नव्हे. क्यूजीआयएस हे नकाशे आणि उपग्रह प्रतिमा हाताळण्याचे मोफत सॉफ्टवेअर थोड्या सरावाने वापरता येते. खरी अडचण पुढे येते. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या की त्यांत फरक दिसणारच. तो फरक जमिनीवरचा आहे, की ऋतूचा, ढगांचा, संवेदकाचा (उपग्रहावरील प्रकाश टिपणाऱ्या उपकरणाचा) किंवा आपल्याच आकडेमोडीचा, हे ओळखता आले पाहिजे. पुढील सर्व पायऱ्या या एका प्रश्नाभोवती मांडल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी उदाहरणही एकच घेतले आहे : एखाद्या सरोवरातील पाण्याचे क्षेत्र गेल्या चार दशकांत कसे बदलले.

पायरी १ : प्रश्न आखून घ्या

‘हवामान बदलाचा परिणाम पाहायचा आहे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. जागा, काळ आणि मोजायची राशी या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बसल्या, तरच पुढचे काम सुरू करावे. ‘या सरोवराचे कोरड्या हंगामातील जलक्षेत्र १९८५ ते २०२४ या काळात दरवर्षी किती होते?’ हे वाक्य तसे आहे. त्यातून कोणत्या प्रतिमा लागतील, कोणत्या महिन्यांच्या लागतील आणि काय मोजायचे हे आपोआप ठरते.

कारणाचा प्रश्न मात्र सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवावा. अरल समुद्राचे उदाहरण यासाठी डोळ्यांसमोर असू द्यावे. १९६० च्या सुमारास त्याचे क्षेत्र जवळपास ६८,००० चौरस किलोमीटर होते आणि पुढच्या पाच दशकांत त्याचा बहुतांश भाग उघडा पडला. उपग्रह प्रतिमांत हे आकुंचन इतके ठळक दिसते की ते हवामान बदलाचे चित्र म्हणून सहज खपून जाईल. पण मुख्य कारण होते ते अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या व इतर शेतीसाठी वळवण्याचे. २००५ मध्ये कोक-अरल धरण पूर्ण झाल्यावर उत्तरेकडील लहान भागातील पाण्याची पातळी पुन्हा वाढली. प्रतिमा काय घडले ते दाखवते; कशामुळे घडले हे ठरवायला दुसरा पुरावा लागतो.

काळाचेही तसेच आहे. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार हवामानाची सरासरी ३० वर्षांवर काढली जाते आणि सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा कालखंड वापरतात. पाच वर्षांच्या प्रतिमांवरून पर्यावरणातील बदल दाखवता येतो, पण त्याला हवामान बदल म्हणता येत नाही.

पायरी २ : प्रतिमा निवडा

दीर्घकाळाच्या अभ्यासाचा कणा म्हणजे लँडसॅट ही अमेरिकी उपग्रहांची मालिका. तिचा पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडला गेला. तरी नवशिक्याने १९८४ पासूनच्या प्रतिमांनी सुरुवात करावी, कारण लँडसॅट ५ पासून पुढे ३० मीटरचा पिक्सेल (प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन) आणि आजच्या उपग्रहांशी बऱ्याच अंशी जुळणारे पट्टे (प्रकाशाच्या लाल, हिरवा अशा एकेका भागात वेगळी टिपलेली प्रतिमा) सातत्याने मिळतात. एक उपग्रह तीच जागा दर १६ दिवसांनी टिपतो. २००८ पासून हा सारा संग्रह मोफत खुला आहे, आणि त्यानंतरच या क्षेत्रात दोन-तीन प्रतिमांची तुलना मागे पडून दरवर्षीच्या, किंबहुना दर आठवड्याच्या मालिका वाचण्याची पद्धत रुजली.

या संग्रहाला काही खोडी आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. लँडसॅट ७ मधील दृश्यरेषा सरळ करणारा भाग ३१ मे २००३ रोजी निकामी झाला. तेव्हापासूनच्या त्याच्या प्रत्येक प्रतिमेत तिरक्या रिकाम्या फटी असतात आणि सुमारे २२ टक्के भाग गहाळ असतो. लँडसॅट ५ ची नेहमीची प्रतिमा घेण्याची क्षमता नोव्हेंबर २०११ मध्ये थांबली आणि लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये आकाशात गेला. त्यामुळे २०१२ या वर्षासाठी हाती फटी असलेल्या प्रतिमाच उरतात. एखाद्याच्या आलेखात नेमके २०१२ मध्ये सरोवर अचानक लहान झालेले दिसले, तर मी आधी या फटी कशा हाताळल्या ते विचारतो.

अलीकडच्या काळासाठी सेंटिनेल-२ हे युरोपीय उपग्रह उत्तम आहेत. पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये आणि दुसरा मार्च २०१७ मध्ये गेला. दोन मिळून विषुववृत्तावर दर पाच दिवसांनी प्रतिमा देतात आणि मुख्य पट्ट्यांचा पिक्सेल १० मीटरचा आहे. मात्र १९९० ची ३० मीटरची प्रतिमा आणि २०२० ची १० मीटरची प्रतिमा थेट ताडून पाहिली, तर बारीक पिक्सेलमुळे दिसू लागलेले लहान पाणवठे ‘नव्याने निर्माण झालेले’ ठरतील. दीर्घ मालिकेसाठी शेवटपर्यंत लँडसॅटच वापरावे आणि सेंटिनेल-२ ताळा पाहण्यासाठी ठेवावे, असा माझा सल्ला आहे. सतत ढगाळ असणाऱ्या प्रदेशांत सेंटिनेल-१ चे रडार उपयोगी पडते, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. शांत पाणी त्या लहरी दूर परावर्तित करते, म्हणून प्रतिमेत ते काळे दिसते. वाऱ्याने पृष्ठभागावर लाटा उठल्या की हा काळेपणा विरतो, हे लक्षात ठेवावे.

पायरी ३ : सारखे सारख्याशी ताडा

सरोवराचे क्षेत्र एकाच वर्षात पावसानंतर फुगते आणि कोरड्या हंगामात आक्रसते. १९९० ची ओल्या हंगामातील प्रतिमा आणि २०२० ची कोरड्या हंगामातील प्रतिमा निवडली, तर काहीही न बदलता सरोवर निम्मे झाल्याचे ‘सिद्ध’ करता येते. म्हणून दरवर्षीचे तेच दोन किंवा तीन महिने निश्चित करावेत. केवळ दोन वर्षे निवडून तुलना करण्याचाही मोह टाळावा. पहिले वर्ष भरपूर पावसाचे आणि शेवटचे दुष्काळी निघाले, तर उत्तर आधीच ठरलेले असते.

निश्चित केलेल्या महिन्यांतील सर्व प्रतिमा घेऊन प्रत्येक पिक्सेलचा मध्यक (चढत्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांतील मधला आकडा) काढला, की त्या वर्षाचे एक स्वच्छ चित्र तयार होते. त्याआधी ढग आणि ढगांच्या सावल्या वगळणे आवश्यक आहे. लँडसॅटच्या प्रत्येक प्रतिमेसोबत गुणवत्तेचा एक स्वतंत्र पट्टा येतो, त्यात ढग, सावली, बर्फ आणि पाणी यांच्या खुणा असतात. सरोवराच्या कामात सावल्या विशेष त्रास देतात, कारण ढगाची किंवा डोंगराची गडद सावली पाण्यासारखीच दिसते. ढग गाळले पण सावल्या राहिल्या, तर डोंगरउतारावर तळी उगवतात.

हे काम दोन प्रकारे करता येते. मोजक्या प्रतिमा उतरवून घेऊन क्यूजीआयएसमध्ये करणे हा एक मार्ग. गुगल अर्थ इंजिनमध्ये जावास्क्रिप्ट किंवा पायथनच्या काही ओळी लिहून शेकडो प्रतिमांवर ते दूरच्या संगणकावरच करणे हा दुसरा. पहिल्या खेपेला क्यूजीआयएसमध्येच एक-दोन वर्षे हाताने करून पाहावीत. प्रत्येक टप्प्यावर प्रतिमेला काय होते ते डोळ्यांना दिसले, की नंतर कोडमधील चूक ओळखता येते.

पायरी ४ : पिक्सेलमधील आकडा म्हणजे परावर्तन नव्हे

या पायरीवर जितकी कामे बिघडतात तितकी इतरत्र क्वचितच बिघडत असतील, म्हणून थोडे थांबून पाहू. फाइलमध्ये साठवलेला आकडा हा पूर्णांक असतो आणि त्याचे परावर्तनात, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी किती भाग जमिनीवरून परतला या प्रमाणात, रूपांतर आपल्याला करावे लागते. लँडसॅटच्या ‘कलेक्शन २’ या आवृत्तीतील भूपृष्ठ परावर्तनासाठी त्या आकड्याला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करावे लागतात.

वनस्पती निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, घेऊन पाहा. निकट-अवरक्त (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) परावर्तनातून लाल परावर्तन वजा करून त्या दोघांच्या बेरजेने भागले, की तो मिळतो. समजा एका पिक्सेलमध्ये लाल पट्ट्याचा आकडा १०,००० आणि निकट-अवरक्त पट्ट्याचा १८,००० आहे. रूपांतर न करता गणित केले तर ८,००० भागिले २८,००० म्हणजे ०.२९ येते, आणि आपण तिथे विरळ गवत आहे असे समजतो. योग्य रूपांतर केल्यावर परावर्तने ०.०७५ आणि ०.२९५ निघतात आणि निर्देशांक ०.५९ येतो, म्हणजे तिथे चांगली दाट हिरवाई आहे. केवळ गुणक विसरला असता तर भागाकारात तो कटून गेला असता. वजा करायची संख्या मात्र कटत नाही.

सेंटिनेल-२ मध्ये हाच सापळा तारखेच्या आड लपलेला आहे. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात, त्याआधीच्या मूळ प्रतिमांत ते नव्हते. हे ठाऊक नसताना मी एका जंगलाची मालिका काढली होती, आणि २०२२ च्या सुरुवातीला तिथला एनडीव्हीआय एका रात्रीत कोसळलेला पाहून दोन दिवस कीड, वणवा आणि दुष्काळ यांच्या बातम्या शोधत बसलो. लाल ०.०५ आणि निकट-अवरक्त ०.३५ असलेल्या पिक्सेलचा खरा निर्देशांक ०.७५ असतो, वरचे १,००० न काढता तो ०.५० येतो. जंगल जागच्या जागी होते. काही तयार माहितीसंचांमध्ये हा फरक आधीच काढलेला असतो, म्हणून वापरण्यापूर्वी संचाचे वर्णन वाचावे.

वेगवेगळ्या उपग्रहांच्या पट्ट्यांचे क्रमांकही तपासावेत. लँडसॅट ५ आणि ७ मध्ये निकट-अवरक्त पट्टा चौथा आहे, तर लँडसॅट ८ आणि ९ मध्ये तो पाचवा, आणि तिथे चौथा क्रमांक लाल पट्ट्याचा आहे.

पायरी ५ : निर्देशांकातून पाणी वेगळे काढा

पाण्यासाठी एनडीडब्ल्यूआय हा जल निर्देशांक वापरतात. हिरव्या परावर्तनातून निकट-अवरक्त वजा करून बेरजेने भागायचे. पाणी निकट-अवरक्त किरणे शोषून घेते, म्हणून पाण्यावर उत्तर धन येते आणि कोरड्या जमिनीवर ऋण. सर्वसाधारणपणे शून्याच्या वर ते पाणी, असे धरले जाते. वस्ती जवळ असेल तर इमारतीही पाण्यासारख्या वाटू शकतात. अशा वेळी निकट-अवरक्ताऐवजी लघुतरंग अवरक्त पट्टा वापरणारी सुधारित आवृत्ती घ्यावी.

‘शून्य’ ही मर्यादा काठावर काय करते ते एकदा कागदावर पाहण्यासारखे आहे. समजा पाण्याचे हिरवे परावर्तन ०.०६ आणि निकट-अवरक्त ०.०२ आहे, तर निर्देशांक ०.५ येतो. काठावरच्या कोरड्या मातीची परावर्तने ०.१२ आणि ०.२८ असतील, तर तिचा निर्देशांक उणे ०.४ येतो. आता जो पिक्सेल निम्मा पाण्यात आणि निम्मा मातीत आहे, त्याची परावर्तने या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे ०.०९ आणि ०.१५ असतील. निर्देशांकही मध्ये, शून्याच्या जरा वर असेल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो उणे ०.२५ येतो. या आकड्यांनुसार पिक्सेलचा ८० टक्के भाग पाण्याने व्यापल्याशिवाय तो ‘पाणी’ ठरतच नाही. माती पाण्यापेक्षा कितीतरी उजळ असल्यामुळे मिश्र पिक्सेलमध्ये तिचाच आवाज मोठा असतो.

म्हणजे काठाची पट्टी दरवर्षी थोडी कमी मोजली जाते. सरोवराचा काठ दरवर्षी तेवढाच लांब असता, तर ही चूक तुलनेत बरीचशी नाहीशी झाली असती. आटणारे सरोवर मात्र अनेकदा तुकड्यांत विभागते, त्याला फाटे फुटतात, आणि क्षेत्राच्या मानाने काठ लांबत जातो. त्यामुळे अखेरच्या वर्षांत चूक वाढते आणि घट असते त्याहून मोठी दिसते. दहा किलोमीटर लांबीच्या काठावर एका पिक्सेलची पट्टी म्हणजे ३० हेक्टर. त्याहून लहान बदलाविषयी ३० मीटरच्या प्रतिमेवरून ठामपणे बोलू नये. मर्यादा थोडी खाली-वर करून, उदाहरणार्थ उणे ०.१ आणि ०.१ धरून, क्षेत्र पुन्हा काढावे. निष्कर्ष तिन्ही वेळा तोच राहिला तर तो भरवशाचा.

पायरी ६ : क्षेत्र मोजण्यापूर्वी प्रक्षेपण तपासा

प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत. अक्षांश-रेखांशांत असलेल्या नकाशावर पिक्सेल मोजून क्षेत्र काढू नये. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, ६० अंश अक्षांशावर तो त्याच्या निम्मा होतो. आंतरजालावरील बहुतेक नकाशे ज्या मर्केटर प्रक्षेपणावर असतात, त्यात ६० अंशांवरील क्षेत्र चौपट मोठे दिसते. क्षेत्रफळ जसेच्या तसे राखणारे समक्षेत्र प्रक्षेपण, किंवा लहान जागेसाठी त्या भागाचा यूटीएम पट्टा (मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा त्या भागापुरता विभाग) निवडावा आणि सर्व वर्षांसाठी तोच ठेवावा.

पायरी ७ : आपलाच नकाशा तपासा

नकाशा तयार झाला की काम संपल्यासारखे वाटते, पण तो किती खरा आहे हे अजून कळलेले नसते. नकाशाच्या प्रत्येक वर्गातून (आपल्या उदाहरणात पाणी आणि जमीन) यादृच्छिक पद्धतीने बिंदू निवडावेत, आणि प्रत्येक बिंदूवर प्रत्यक्षात काय आहे ते अधिक बारीक प्रतिमा पाहून किंवा जागेवर जाऊन नोंदवावे. ज्या नमुन्यांवर संगणकाला शिकवले तेच नमुने तपासणीला वापरणे म्हणजे विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका पाठ करायला देऊन तीच परीक्षा घेणे होय.

या तपासणीतून फक्त ‘अचूकता अमुक टक्के’ एवढेच काढून थांबू नये. एक कल्पित उदाहरण पाहू. जंगलतोडीचा नकाशा १,००,००० हेक्टरांचा आहे. त्यात १,००० हेक्टर तुटलेले आणि ९९,००० हेक्टर शाबूत दाखवले आहे. ‘तुटलेल्या’ भागातील ५० बिंदू तपासले, ४५ बरोबर निघाले. ‘शाबूत’ भागातील १०० बिंदू तपासले, त्यांपैकी दोन प्रत्यक्षात तुटलेले निघाले. एकूण अचूकता सुमारे ९८ टक्के येते आणि ती ऐकायला छान वाटते. पण ९९,००० हेक्टरांच्या दोन टक्के म्हणजे १,९८० हेक्टर तोड नकाशाने पाहिलीच नाही. खऱ्या तोडीचा अंदाज ९०० अधिक १,९८०, म्हणजे २,८८० हेक्टर होतो, नकाशातल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय हा अंदाज फक्त दोन बिंदूंवर उभा असल्याने त्याची अनिश्चितता सुमारे २,७०० हेक्टर अधिक-उणे इतकी, म्हणजे अंदाजाएवढीच आहे. उपाय एकच : शाबूत भागात आणखी बरेच बिंदू तपासायचे. दुर्मिळ बदल मोजताना पिक्सेल मोजून आलेला आकडा तसाच छापू नये, हा नियम मी तरी मोडत नाही.

पायरी ८ : कल काढा आणि हवामानाशी जोडून पाहा

आता हाती दरवर्षीचे एक क्षेत्र, असे चाळीसेक आकडे असतात. त्यांचा कल काढण्यासाठी सेनचा उतार (दरवर्षी किती बदल होतो ते सांगणारा) आणि मान-केंडाल चाचणी (तो कल योगायोगाचा आहे का ते तपासणारी) ही जोडी सोयीची आहे, कारण एखाद्या महापुराच्या किंवा दुष्काळाच्या वर्षाने ती फारशी हलत नाही. सरोवराच्या बाबतीत एक सावधगिरी घ्यावी लागते. या वर्षीचे पाणी पुढच्या वर्षी काही प्रमाणात शिल्लक राहते, त्यामुळे लागोपाठची वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि चाचणी वाजवीपेक्षा जास्त ठाम उत्तर देते. हा परस्परसंबंध हिशेबात घेणारी सुधारित चाचणी वापरावी.

पाऊस आणि तापमान यांच्याशी तुलना करताना सरोवरावर पडलेला पाऊस पाहून भागत नाही. पाणी सगळ्या पाणलोट क्षेत्रातून येते. फेब्रुवारी २००० मधील अंतराळयान मोहिमेतून मिळालेली एसआरटीएम ही उंचीची आकडेवारी ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या भागासाठी उपलब्ध आहे, आणि क्यूजीआयएसमध्ये तिच्यावरून पाणलोटाची सीमा आखता येते. त्या सीमेच्या आतील पावसासाठी चर्प्स हा १९८१ पासूनचा, सुमारे पाच किलोमीटरचा संच ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण या पट्ट्यात मिळतो. तापमानासाठी ईआरए५ हा १९४० पासूनचा तासागणिक संच आहे. त्याची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची असते. डोंगराळ भागात एका चौकटीत दरी आणि शिखर दोन्ही येतात, म्हणून तिथे जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींशी ताळा घ्यावा. उपग्रहाने मोजलेले भूपृष्ठ तापमान हवेचे तापमान म्हणून वापरू नये. दुपारच्या उन्हात उघडी जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते.

पाणलोटातील पाऊस स्थिर आहे, तापमान थोडे वाढले आहे आणि जलक्षेत्र मात्र निम्म्यावर आले आहे, असे चित्र निघाले तर उपसा, धरणे आणि वरच्या भागातील सिंचन यांच्याकडे वळावे. सिंचित क्षेत्राचा विस्तार त्याच प्रतिमांतून, कोरड्या हंगामातील एनडीव्हीआय वापरून मोजता येतो. तो वाढला आणि सरोवर आटले यांची वर्षे जुळतात का ते पाहावे. जुळली तरी प्रत्यक्ष पाणीवापराच्या नोंदी मिळेपर्यंत ‘कारण’ हा शब्द वापरू नये.

पायरी ९ : नोंदवही

प्रत्येक वर्षासाठी वापरलेल्या प्रतिमांच्या तारखा, उपग्रह, संग्रहाची आवृत्ती, ढगांमुळे वगळलेला भाग, निर्देशांकाची मर्यादा आणि प्रक्षेपण एका तक्त्यात लिहून ठेवावे. ज्या वर्षी सरोवराचा दहा टक्क्यांहून अधिक भाग ढगांखाली गेला, ते वर्ष आलेखात पोकळ बिंदूने दाखवावे किंवा गाळावे. ही टक्केवारी प्रत्येकाने आपल्या कामाप्रमाणे ठरवावी, पण आकडे पाहण्याआधी ठरवावी. कोड लिहिला असेल तर त्याची प्रत तक्त्याशेजारी ठेवावी. काही महिन्यांनी आलेखातील एखादा बिंदू खटकला, तर पहिल्यांदा हाच तक्ता उघडावा आणि त्या बिंदूमागची मूळ प्रतिमा पडद्यावर आणून डोळ्यांनी पाहावी.